सुरीच्या आधीची सुई

दात उपटण्यापूर्वी हिरडी बधिर करणारे लिग्नोकेन बहुतेक वाचकांनी अनुभवलेच असेल. त्याच स्वस्त औषधाचा प्रयोग मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे व सहकारी यांनी स्तनाच्या कर्करोगात केला. २०११ ते २०२२ या काळात देशातील ११ केंद्रांतून १६०० स्त्रिया निवडल्या; सर्व आरंभीच्या अवस्थेतील, ज्यांच्यावर प्रथम शस्त्रक्रियाच करावयाची होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटात गाठ काढण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे तिच्या सभोवती हे औषध टोचले, दुसऱ्यात नाही. पाच वर्षांनी पहिल्या गटातील शेकडा ९०.१ स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्यातील ८६.४. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. सुरी लागताच गाठीतील पेशी चाळवतात व अन्यत्र पसरू पाहतात. ही बधिरता त्यांना रोखत असावी, असा तर्क आहे.

शेकड्यामागे जेमतेम चार! आम्ही पडलो मराठीचे मास्तर. एरवी असा फरक किरकोळ म्हणून सोडून दिला असता. परंतु आमच्या धाकट्या भगिनीने आपली गाठ लाजेपोटी आठ महिने लपविली. ‘आरंभीची अवस्था’ तिच्या कागदांवर कधी लिहिलीच गेली नाही. त्याच आठ महिन्यांत ती दिवाळीस चार दिवस आमच्याकडे राहून गेली होती, आणि आपल्या वहिनीजवळही बोलली नव्हती.