पगार, पेमेंट आणि चुकारा

‘पगार’ आणि ‘पेमेंट’ हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन क्रियापदाचे वंशज आहेत. ते क्रियापद ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. त्यामागे ‘पाक्स’ म्हणजे शांतता, तह. आणि त्याच्याही मुळाशी बांधणे, पक्के करणे या अर्थाचा धातू. संस्कृतातला ‘पाश’ही भाषाशास्त्रज्ञ याच कुळात धरतात.

रोमन सेनापती मुलूख ‘शांत’ करीत, म्हणजे जिंकून घेत. पुढे लोकांच्या तोंडी शांत करायचा तो धनको झाला. त्याचे देणे देऊन समाधान करायचे. होता होता समाधान मागे पडले आणि पैसे देणे एवढाच अर्थ उरला. इटालियनमध्ये ‘पागारे’, स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये ‘पागार’ अशी रूपे झाली. फ्रेंचमध्ये मधले व्यंजन झिजले आणि तिथून इंग्रजीचे ‘पे’ आले. रुमानियन भाषेत मात्र या कुळातल्या क्रियापदाचा अर्थ आजही समेट करणे असाच आहे. पोर्तुगीज ‘आपागार’ म्हणजे विझवणे. ‘दिवा शांत झाला’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वळण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पोर्तुगीज गोव्यात 1510 ते 1961 आणि वसईत 1534 ते 1739 होते. त्यांचे क्रियापद मराठीत नाम झाले. वऱ्हाडावर त्यांची सत्ता कधीच नव्हती. येथे निजामाचा अंमल होता आणि 1853 पासून इंग्रजांचा कारभार. तरी नांदगाव खंडेश्वरातल्या शिक्षकाचाही महिन्याला ‘पगार’च होतो. कागदोपत्री ‘वेतन’ खुशाल असावे, पण इतक्या आत रुजलेल्या शब्दाला परका ठरवणे अन्यायाचे आहे.

शेतीत मात्र पगाराला फारशी जागा मिळाली नाही. रोजंदाराची मजुरी असते, सालदाराचे साल ठरते आणि विकलेल्या तुरीचा, कापसाचा चुकारा मिळतो. ‘चुकता करणे’ यातही हिशेब मिटवण्याचाच भाव आहे. कर्जाला तर मराठी ‘फेडणे’ म्हणते. फेडणे म्हणजे सोडणे, मोकळे करणे. लॅटिन कुळाचा आरंभ गाठ बांधण्यातून झाला, मराठीने देणे गाठ सोडण्यातून पाहिले. बाजार समितीत आता ‘पेमेंट’ सर्रास ऐकू येते. त्याच्यासाठी ‘चुकारा’ टाकून देण्याचे काहीच कारण नाही.