झालें म्हणजे काय?

गेल्या महिन्यांत परभणीस आमच्या एका स्नेह्यांकडे दोन दिवस राहण्याचा योग आला. त्यांच्या सूनबाई पुण्याच्या एका संगणक-कंपनीचें काम घरीं बसूनच करतात. सकाळीं दहाच्या ठोक्याला त्या यंत्रासमोर बसल्या, पंधरा मिनिटें सहकाऱ्यांशीं बोलल्या आणि चहाला उठल्या. "एवढ्यांत काय काम होतें हो?" असें त्यांच्या सासूबाईंनीं आम्हांस हळूच विचारलें. असा प्रश्न आज पुष्कळ घरांतून पडत असेल, म्हणून या कामाची रीत वाचकांपुढें मांडणें अगत्याचें वाटतें.

संगणकाच्या आज्ञावली रचणारे पूर्वीं बहुधा सबंध कामाचा आराखडा आधींच आंखून घेत. आणि काम हातावेगळें होईपर्यंत ग्राहकाची गरजच पालटलेली असे. यावर उपाय शोधणारे १७ जाणकार २००१ सालच्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील यूटा संस्थानीं जमले व त्यांनीं एक छोटा जाहीरनामा लिहिला. त्या विचारसरणीस 'अजाइल' म्हणजे चपळ असें नांव आहे. तींत काम लहान लहान मुदतींत तोडून घेतात. अशा मुदतीला 'स्प्रिंट' म्हणतात. ती फार तर एक महिन्याची, पुष्कळदां दोन आठवड्यांची असते.

परभणीकरांस ही कल्पना नवी वाटूं नये. जायकवाडीचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा या जिल्ह्यांतून जातो. १५ ऑक्टोबरचा पाणीसाठा पाहून रब्बीच्या पाळ्या ठरतात आणि उन्हाळ्याचा विचार पुढें उरलेलें पाणी पाहून होतो. पाण्याच्या पाळीला आपण आवर्तन म्हणतों. स्प्रिंटलाहि तोच शब्द शोभेल.

आवर्तनाची साधनें साधीं आहेत. एका फलकावर 'करावयाचें', 'चालू' आणि 'झालें' असे तीन रकाने असतात व प्रत्येक कामाचें कार्ड एकांतून दुसऱ्यांत सरकतें. कार्डांची ही युक्ति जपानांतील टोयोटाच्या मोटार-कारखान्यांतून आली. प्रत्येक कामास कांहीं गुण देतात. गुण म्हणजे तास नव्हेत. एका कामाच्या मानानें दुसरें किती जड, एवढाच तो अदमास. मागील आवर्तनांत किती गुणांचें काम पुरें झालें तें पाहून पुढच्यांत साधारण तेवढेंच घ्यावयाचें. उरलेलें काम रोज किती घटलें हें दाखविणारी उतरती रेषाहि काढतात. तिला 'बर्नडाउन' म्हणतात. आणि सकाळचीं तीं पंधरा मिनिटें असतात आजचें काम ठरविण्यासाठीं व मुख्यतः कोणाचें कोठें अडलें आहे तें सांगण्यासाठीं.

दुपारीं जेवणें आटोपल्यावर सूनबाईंनीं एक गोष्ट मोकळेपणीं सांगितली. त्यांच्या तुकडीचे गुण वरिष्ठ दुसऱ्या तुकडीशीं ताडून पाहत. एकदां आवर्तन संपत आलें तरी रेषा कांहीं केल्या खालीं येईना. तेव्हां तपासणी पुरी न होतांच त्यांनीं दोन कार्डें 'झालें' या रकान्यांत सरकविलीं. रेषा तळाला टेकली, शाबासकीहि मिळाली. पण पुढें चूक ग्राहकाकडे उघडकीस आली आणि ती निस्तरण्यांत साऱ्या तुकडीच्या दोन रात्री गेल्या. "मामंजी, खरें ठाऊक असूनहि भीतीनें सरकविलीं," असें म्हणतांना त्यांचा स्वर उतरला.

आमच्या स्नेह्यांचें शेत कालव्याच्या शेपटाकडे आहे. ते क्षणभर थांबून म्हणाले, "सूनबाई, पैठणास दरवाजे उघडले म्हणून आम्ही पाळी झाली असें म्हणत नाहीं. शेवटच्या चारींतून पाणी येऊन आपला गहूं भिजला, म्हणजे आमची पाळी झाली."

या रीतींतहि नेमका हाच नियम आहे: 'झालें' केव्हां म्हणावयाचें हें सर्वांनीं आधींच ठरवून घ्यावें. परंतु गुणांचा उपयोग परीक्षेच्या गुणांसारखा होऊं लागला कीं माणसें गुण फुगवितात, अडचण लपवितात, आणि जो फलक खरी स्थिति दाखविण्यासाठीं टांगला, तोच सर्वांची दिशाभूल करतो. 'अडलें आहे' असें म्हणणाऱ्याला बोल लावावयाचा नाहीं, एवढें पथ्य पाळलें तरच हीं साधनें कामाचीं.

घरांतील वडील मंडळींनीं याबाबतींत थोडें साह्य करावें. मुलगा किंवा सून त्या खोलींतून बाहेर आली म्हणजे 'किती झालें?' असें विचारण्यापूर्वीं 'कोठें अडलें कां?' असें विचारून पाहावें. त्या सायंकाळीं सासूबाईंनीं तसें विचारलेलें आम्हीं ऐकलें, आणि उत्तर बराच वेळ चाललें होतें.