विश्लेषण : हवा तो गेम हव्या त्या स्टोअरवर का मिळत नाही?

गोंदियाला राईस मिलचे शहर म्हणतात. समजा, इथल्या एखाद्या मिलमालकाने मिलच्या फाटकातच तांदळाचे किरकोळ दुकान थाटले. आपल्या ब्रँडची २५ किलोची बोरी तो शेजारच्या मिलच्या काउंटरवर विकायला ठेवेल का? बहुधा नाही. विक्रीतला वाटा शेजाऱ्याला द्यावा लागेल आणि आपला गिऱ्हाईकही त्याच्या दारात जाईल. पण रोजची गर्दी शेजारच्याच काउंटरवर असेल आणि आपल्या दुकानाकडे कोणी फिरकत नसेल, तर? कॉम्प्युटर गेमच्या बाजारात गेली दीड दशके हाच पेच सुरू आहे. त्यात कंपन्यांची भांडणे कंपन्यांशी, पण भुर्दंड मात्र तिरोडा, आमगाव किंवा देवरीत बसून खेळणाऱ्याला.

प्रश्न नेमका काय आहे?

पीसीचे गेम आता डीव्हीडीवर फारसे येत नाहीत. ते ऑनलाइन स्टोअरवरून विकत घेऊन डाउनलोड करावे लागतात. यातले सर्वात मोठे स्टोअर म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचे ‘स्टीम’, जे सप्टेंबर २००३ मध्ये सुरू झाले. मार्च २०२५ मध्ये स्टीमवर एकाच वेळी ४ कोटींहून जास्त लोक ऑनलाइन होते. त्याशिवाय एपिक गेम्स स्टोअर, ईएचे स्टोअर, युबिसॉफ्ट कनेक्ट, ब्लिझार्डचे बॅटल डॉट नेट, मायक्रोसॉफ्ट स्टोअर, जीओजी अशी दुकाने आहेत.

मात्र प्रत्येक गेम प्रत्येक दुकानात नसतो. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट स्टीमवर शोधून सापडत नाहीत. पीसीवरचा मूळ माइनक्राफ्टही तिथे नाही. मग एकाच लॅपटॉपवर चार-पाच लाँचर, चार-पाच खाती आणि तितकेच पासवर्ड सांभाळावे लागतात. हे कशामुळे?

पहिले कारण : कमिशन

स्टीम साधारणपणे विक्रीच्या ३० टक्के रक्कम स्वतःकडे ठेवते. कर बाजूला ठेवला, तर १,००० रुपयांच्या गेममागे प्रकाशकाच्या हाती ७०० रुपये येतात. एपिकने ६ डिसेंबर २०१८ रोजी स्टोअर सुरू केले तेव्हा कमिशन ठेवले फक्त १२ टक्के, म्हणजे प्रकाशकाला ८८० रुपये. स्वतःच्याच स्टोअरवर विकले, तर पेमेंट आणि सर्व्हरचा खर्च वगळता सगळी रक्कम आपलीच.

एपिक येण्याच्या काही दिवस आधी स्टीमनेही दर बदलले. एखाद्या गेमची कमाई १ कोटी डॉलरच्या पुढे गेली की पुढच्या विक्रीवर २५ टक्के आणि ५ कोटी डॉलरच्या पुढे २० टक्के. या सवलतीचा फायदा साहजिकच मोठ्या कंपन्यांना झाला. छोट्या स्टुडिओसाठी दर ३० टक्केच राहिला.

मोफत गेममध्ये हे गणित आणखी टोकाचे होते. फोर्टनाइट किंवा व्हॅलोरंट फुकट मिळतात; कमाई होते ती गेममधल्या स्किन आणि इतर वस्तूंच्या विक्रीतून. स्टीमवर आल्यास त्या खरेदीतही वाटा द्यावा लागतो. ज्यांच्याकडे लोक स्वतःहून येतात, ते असा वाटा कशाला देतील?

दुसरे कारण : गिऱ्हाईक कोणाचा?

मिलमालकाला आपली बोरी कोण नेतो हे कळले, तर पुढच्या महिन्यात तो त्याला फोन करू शकतो. गेमचेही तसेच आहे. स्टीमवर गेम घेतला, तर खाते स्टीमचे. ईमेल, पेमेंटची माहिती आणि खरेदीचा इतिहासही स्टीमकडेच. प्रकाशकाला विक्रीचे आकडे मिळतात, माणूस मिळत नाही. स्वतःचे स्टोअर असेल, तर पुढच्या गेमची जाहिरात, सवलत आणि महिन्याचे सबस्क्रिप्शन थेट आपल्या पडद्यावर दाखवता येते.

म्हणूनच ईएने जून २०११ मध्ये ‘ओरिजिन’ सुरू केले आणि त्या वर्षीचा बॅटलफील्ड ३ स्टीमवर आणलाच नाही. युबिसॉफ्टचे उदाहरण आपल्या आणखी जवळचे. या फ्रेंच कंपनीचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईतही आहेत. तिने मार्च २०१९ मध्ये ‘द डिव्हिजन २’ स्टीमला वगळून स्वतःच्या आणि एपिकच्या स्टोअरवर विकला. स्टीमचे व्यवसायाचे गणित आजच्या काळाला धरून नाही, अशी कंपनीची तेव्हाची भूमिका होती.

तिसरे कारण : आगाऊ पैशांचे करार

नव्या दुकानात गर्दी आणायची, तर दुसरीकडे न मिळणारा माल ठेवावा लागतो. एपिकने तेच केले. ‘मेट्रो एक्सोडस’ची आगाऊ विक्री स्टीमवर सुरू होती. तरीही जानेवारी २०१९ मध्ये तो तिथून काढून एका वर्षासाठी एपिकवर नेला गेला. ‘बॉर्डरलँड्स ३’ सप्टेंबर २०१९ मध्ये एपिकवर आला आणि स्टीमवर पोहोचायला मार्च २०२० उजाडला.

अशा करारात प्रकाशकाला ठरावीक विक्रीची हमी मिळते. गेम बनवायला तीन-चार वर्षे आणि कोट्यवधींचा खर्च लागतो; पहिल्याच दिवशी हमीचा पैसा दिसला की जोखीम कमी होते. धान बाजारात नेण्याआधीच भाव पक्का होण्यासारखे हे आहे. लोकांना ओढण्यासाठी एपिकने मोफत गेम वाटले, त्यावरही पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर खर्च केले. अ‍ॅपलविरुद्धच्या खटल्यात ही कागदपत्रे बाहेर आली.

चौथे कारण : वाढीव काम

बाहेरून वाटते, फाइल दुसऱ्या स्टोअरवर चढवली की झाले. इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला विचारा, तसे नसते. मित्राला बोलावण्याची यंत्रणा, ऑनलाइन सामने, अचिव्हमेंट, क्लाउडवरचे सेव्ह यासाठी स्टीमची साधने वेगळी आणि एपिकची वेगळी. प्रत्येक स्टोअरसाठी गेमची वेगळी आवृत्ती बांधावी लागते, तपासावी लागते आणि प्रत्येक दुरुस्ती सगळीकडे पाठवावी लागते. एका ठिकाणी पॅच उशिरा पोहोचला, तर दोन स्टोअरवरचे मित्र एकत्र खेळू शकत नाहीत. पाच-दहा जणांच्या टीमला हा भार परवडत नाही. म्हणून छोटे स्टुडिओ बहुतेक वेळा जिथे सर्वाधिक गिऱ्हाईक आहेत, तिथेच थांबतात.

मग रुसलेल्या कंपन्या परत का आल्या?

कारण गर्दी हलली नाही. ज्याच्या स्टीम खात्यात दहा वर्षांत घेतलेले शंभर गेम आणि सगळे मित्र आहेत, तो एका गेमसाठी घर बदलत नाही.

ईए २०१९ च्या अखेरीस स्टीमवर परतली. बेथेस्डाने ‘फॉलआउट ७६’ २०१८ मध्ये फक्त स्वतःच्या लाँचरवर आणला होता. तो लाँचर मे २०२२ मध्ये बंद झाला आणि ग्राहकांचे गेम स्टीमवर हलवावे लागले. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ २०२२ मध्ये परतला. युबिसॉफ्टने डिसेंबर २०२२ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड वालहाला’ स्टीमवर आणला आणि मार्च २०२५ मधला ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ तर पहिल्याच दिवशी.

मात्र परत येताना या कंपन्यांनी आपली खाती सोडली नाहीत. युबिसॉफ्टचा गेम स्टीमवर घेतला, तरी तो सुरू करताना युबिसॉफ्ट कनेक्ट उघडतेच. म्हणजे कमिशन स्टीमला आणि गिऱ्हाईकाची नोंद दोघांकडे.

छोट्या स्टुडिओला यातून काय मिळते?

पुण्याच्या ‘नोडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ आठवा. पुराणकथांवर आधारलेल्या या गेमसाठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीचा प्रयत्न झाला, पण तो फसला. अखेर १८ ऑगस्ट २०२० रोजी हा गेम आला, तो आधी फक्त निन्टेन्डो स्विचवर. पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर तो १५ ऑक्टोबरला पोहोचला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन होते.

इथे दुकान कन्सोलचे आहे, पण तर्क तोच. निन्टेन्डोच्या ‘इंडी वर्ल्ड’ या ऑनलाइन कार्यक्रमात हा गेम जगभर दाखवला गेला आणि त्याच दिवशी विक्रीला आला. पुण्यातल्या छोट्या टीमला एवढी मोठी जाहिरात स्वतःच्या पैशाने करता आली नसती. त्यामुळे ‘एकाच दुकानात विकणे’ म्हणजे दरवेळी ग्राहकाशी दगाबाजी असे म्हणता येणार नाही. छोट्यांसाठी तो कधी कधी तग धरण्याचा मार्ग असतो. दोन महिने थांबणे आणि वर्षभर थांबणे यात मात्र फरक आहे.

मोठे स्टोअर निर्दोष आहे का?

नाही. गर्दी एकाच दारात असली की दारवानाचा दर कमी होत नाही. ‘वुल्फायर गेम्स’ने २०२१ मध्ये अमेरिकेत व्हॉल्व्हवर दावा ठोकला. दुसऱ्या स्टोअरवर कमी किमतीत विकण्यापासून व्हॉल्व्ह रोखते, हा मुख्य आरोप. व्हॉल्व्हला तो मान्य नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने हा खटला सामूहिक दावा म्हणून चालवायला परवानगी दिली.

या आरोपाचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. १२ टक्के कमिशनच्या दुकानात तोच गेम १,००० ऐवजी ८५० रुपयांना विकूनही प्रकाशकाला परवडू शकतो. पण प्रत्यक्षात किमती बहुतेक ठिकाणी सारख्याच दिसतात. वाचलेले १८ टक्के आपल्या खिशापर्यंत येत नाहीत.

हा प्रश्न तुमच्या हातातल्या मोबाइलमध्येही आहे. प्ले स्टोअरच्या बिलिंग धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात तो पुढे बराच कमी झाला. मार्च २०२४ मध्ये शुल्काच्या वादातून गुगलने काही भारतीय कंपन्यांची अ‍ॅप प्ले स्टोअरवरून काढली आणि लगेच परत घेतली. त्याच्या थोडे आधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, फोनपेने ‘इंडस अ‍ॅपस्टोअर’ सुरू केले. ते मराठीतही चालते. पण लोकांना प्ले स्टोअरची सवय सोडायला लावणे त्यालाही सोपे नाही.

शेवटी भुर्दंड कोणाला?

खेळणाऱ्याला. ८०-१०० जीबीचा एक गेम. गावात फायबर नसेल, तर दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाइल डेटावर तो उतरवायचा कसा, हाच मोठा प्रश्न. त्यात प्रत्येक लाँचर स्वतःचे अपडेट मागतो. आमच्या हॉस्टेलच्या खोलीत चौघांत एकच बरा लॅपटॉप होता. त्यावर गेम दोन आणि लाँचर तीन. लॉगिनच्या गोंधळातच अर्धी रात्र जायची.

त्याहून गंभीर बाब मालकीची. स्टोअरवर आपण गेम विकत घेत नाही, खेळण्याचा परवाना घेतो. युबिसॉफ्टचा २०१४ मधला ‘द क्रू’ हा गेम ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद होताच पैसे मोजलेल्यांनाही खेळता येईना. जितकी दुकाने जास्त, तितकी एखादे बंद पडण्याची शक्यताही जास्त.

म्हणून दुकाने कमी व्हावीत, असे आमचे म्हणणे नाही. उलट स्पर्धा हवी. एपिक आल्यानेच कमिशनवर चर्चा सुरू झाली. पण ती स्पर्धा दर, सेवा आणि सोयीवर व्हावी, माल अडवून नव्हे. जीओजी हे दाखवून देते. त्यावरचा गेम डाउनलोड करून ठेवला की लाँचरशिवायही चालतो. ‘द विचर’ बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टने जीओजी सुरू केले, पण आपले गेम स्टीमवरही विकले. स्वतःचे दुकान आणि शेजारचा काउंटर, दोन्ही चालू शकतात. त्यामुळे कुणाचे फाटक बंद पडले नाही.

तोवर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी पाहा. गेमसाठी दुसरे खाते किंवा लाँचर लागतो का, तो इंटरनेटशिवाय चालतो का आणि तुमचे मित्र कोणत्या स्टोअरवर आहेत. शेतकरी धान घेऊन निघण्याआधी कुठे काय भाव आणि किती कपात, हे विचारूनच निघतो. दोन-तीन हजारांचा गेम घेतानाही तेवढी चौकशी करायला हवी.