तारप्याचे रिंगण आणि रंगमंचाची रांग

सफाळे स्थानकावर उतरणाऱ्या इतिहासप्रेमींची पावले बहुधा तांदुळवाडी गडाकडे वळतात. गडावरच्या पाण्याच्या टाक्यांविषयी भरभरून लिहिले जाते. पालघरच्या पाड्यांवर वाजणारा तारपा मात्र वारली चित्रापुरताच ठाऊक असतो. जिव्या सोमा मशे (1934–2018) यांनी ते नागमोडी रिंगण जगभर नेले खरे, पण चित्राला आवाज नसतो.

वाळवलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. वादक गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो; म्हणून सूर खंडत नाही. नव्या भाताच्या दिवसांत तो मधोमध उभा राहतो आणि हातांत हात गुंफलेली माणसे त्याच्याभोवती फिरतात. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा दंडक. तारप्याची चाल बदलली की पावले बदलतात. वादक येथे साथीला नसतो. नाच तोच चालवतो.

रंगमंचावर हे सारे उलटते. रिंगण उसवून त्याची प्रेक्षकांकडे तोंड केलेली रांग होते, वादक ध्वनिवर्धकापाशी कडेला जातो आणि निवेदकाने दिलेल्या मोजक्या मिनिटांत नाच संपतो. याला जतन म्हणणे कठीण आहे.

पश्चिम आफ्रिकेतील एक उदाहरण येथे उपयोगी पडते. गिनीतील नियागासोला येथे सोसो-बाला नावाचा प्राचीन बालाफोन आहे: लाकडी पट्ट्या आणि त्यांचा नाद घुमवणारे खाली बांधलेले भोपळे. (भोपळ्याने दोन खंडांत किती संगीत सांभाळले आहे!) परंपरा त्याचा संबंध तेराव्या शतकातील सोसो राजा सुमांगुरू याच्याशी जोडते. तो ठरावीक प्रसंगीच वाजतो, आणि वाजवण्याचा मान रक्षक घराण्याच्या प्रमुखाचा असतो. युनेस्कोने 2001 मध्ये गौरव केला तो एकट्या वाद्याचा नव्हे. ‘सोसो-बालाचा सांस्कृतिक अवकाश’ असे त्याचे नाव आहे. प्रसंग, माणसे, कथन, सारे त्यात आले.

तारप्याची नोंदही अशीच व्हायला हवी: कोणत्या पिकाच्या वेळी, कोणत्या खळ्यावर, कोणत्या चालीला कोणते पाऊल. वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यामुळे तारप्याला राष्ट्रीय सन्मान लाभला. वादकांना महोत्सवांतून मान आणि मोबदला मिळालाच पाहिजे. त्यासाठी व्यासपीठच कशाला हवे? वादकाला मैदानाच्या मध्यभागी उभे करावे आणि प्रेक्षकांनी रिंगणाबाहेर जमिनीवर बसावे. सफाळ्याच्या परिसरात मोकळ्या जागेची अजून तरी वानवा नाही.