तिसरा रकाना

देशी झाडांची रोपवाटिका चालवणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांची वही दोन रकान्यांत संपते : रोपे लावली किती, जगली किती. मॉरिशसच्या एका झुडपाची हकिकत वाचल्यावर ही वही अपुरी वाटू लागते.

ट्रोकेशिया ब्लॅकबर्नियाना हे जास्वंद-भेंडीच्या कुळातले झुडूप जगात फक्त मॉरिशस बेटावर वाढते. (त्याच प्रजातीतले ट्रोकेशिया बुटोनियाना हे १९९२ पासून त्या देशाचे राष्ट्रीय फूल आहे.) फुले घंटेसारखी, खाली झुकलेली, आणि मकरंद चक्क पिवळा. तो चाटायला येते एक पाल. पाल म्हटले की आपण केरसुणी शोधतो, पण निळ्या शेपटीची, दिवसाउजेडी हिंडणारी ही फेल्सुमा सेपेडियाना या झुडपाचे पराग तोंडाला माखून फुलाफुलांवर नेते.

खरी गोम पुढेच आहे. शिकारी पक्ष्यांच्या धाकाने ही पाल उघड्यावर फार रेंगाळत नाही. तिचा आसरा केवड्याच्या दाट जाळीत असतो. डेनिस हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की केवड्यालगतच्या झुडपांकडे पाली जास्त येतात आणि त्यांना फळेही जास्त धरतात. झुडूप तेच, अंतर तेवढे वेगळे. म्हणजे रोप तजेलदार, फुलोरा भरगच्च, तरी बी नाही, असे होऊ शकते. आणि आपल्या वहीत ते रोप ‘यशस्वी’ म्हणून नोंदले जाते!

रुसिया सिम्प्लेक्स हे दुसरे झुडूपही फक्त मॉरिशसचे आणि याच पालीवर विसंबलेले. तिथे बाहेरून आलेल्या पांढऱ्या पायांच्या मुंग्या फुलांत मिलीबग सांभाळतात आणि पालीला जवळ फिरकू देत नाहीत. मुंगी-मिलीबगचे साटेलोटे आपल्याला नवे नाही. पण आपण फक्त शोषलेला रस मोजतो, हुसकावलेला पाहुणा नाही.

हे वाचून कुणी उद्याच लागवडीत केवडा घालायला निघू नये. तिथले केवडे तिथल्या जातींचे. आणि शेजार चुकला तर काय होते तेही मॉरिशसच दाखवते : आपल्याकडची माधवीलता तिथल्या रानात झाडांवर चढून त्यांना गुदमरवते आहे. आधी आपल्या लागवडीतले एखादे झुडूप फुलोऱ्यात असताना त्याच्यापाशी दिवसभर बसा. फुलावर कोण येते, कुठून येते, परत कुठे जाते, पुढे फळ धरते का, एवढे टिपा आणि आमच्याकडे पाठवा. अशा नोंदींसाठी पुढच्या अंकापासून दोन पाने राखून ठेवत आहोत.