बांधाखालून गेलेली तार

वीतभर बांध सरकला म्हणून आपल्याकडे सख्खे भाऊ जन्मभर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. त्यामुळे इंग्लंडात, लँकेशरमधल्या ल्यून नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी शेजाऱ्याच्या इंटरनेटची तार आपल्या रानातून फुकट जाऊ दिली, हे वाचल्यावर मला त्या तारेच्या वेगापेक्षा या उदारपणाचंच जास्त नवल वाटलं.

तिथली वस्ती विरळ. मेंढ्यांची कुरणं, दगडी कुंपणं, एकेक घर सुटं. टेलिफोनची तांब्याची तार होती, पण एक्स्चेंजपासून घर जितकं दूर तितका नेटचा जोर कमी. एवढ्याशा गिऱ्हाइकासाठी रस्ते खणणं मोठ्या कंपन्यांना परवडेना. शेवटी 2011 मध्ये लोकांनीच संस्था काढली. नाव ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’, बोलताना नुसतं ‘बार्न’. लँकेस्टर विद्यापीठात नेटवर्कचं काम केलेले बॅरी फोर्ड आणि रे गावच्या शेतकरी घरातल्या ख्रिस कॉन्डर ही त्यातली पुढची माणसं. शेअर किमान शंभर पौंडांचा, पण मत माणशी एकच. रस्ता टाळून तार शेतातून न्यायची, म्हणजे खर्च निम्म्याहून खाली येतो. खोदाई गावानंच करायची, मीटरला दीड पौंड, आणि तेही हवं तर शेअरच्या रूपात. ज्याच्याकडे पैसा नाही त्याचा घाम भांडवल म्हणून धरला जातो, ही कल्पना मला फारच आवडली. ट्रॅक्टरला नांगर जोडून चर पाडायचा, नळी पुरायची, मग दाबाच्या हवेनं तिच्यातून केसाएवढी काच पुढे ढकलायची. काचेची टोकं जुळवायचं नाजूक काम गावातल्या माणसांनी शिकून घेतलं. कामावर केक यायचा म्हणे. आपल्याकडे पोहे आले असते.

घरात पोचलं ते महिन्याला तीस पौंडांत सेकंदाला एक हजार मेगाबिट. आणि येताना जेवढं, तेवढंच जाताना.

हे ‘जाताना’ महत्त्वाचं आहे. कंपन्यांच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापतात तो नेट खाली उतरण्याचा वेग, सिनेमा बघणाऱ्याच्या कामाचा. गावासाठी फुकट राबणाऱ्याचं काम नेमकं उलटं असतं. त्याला पाठवायचं असतं. झाडं लावली, तर जागेच्या नोंदीसह फोटो पाठवा. वाचनालयाची जुनी दप्तरं स्कॅन केली, तर ती वर चढवा. ग्रामसभा मुंबई-पुण्याच्या गाववाल्यांना थेट दाखवा. आरोग्य शिबिरातले अहवाल तालुक्याच्या डॉक्टरांना धाडा. आपल्या गावांत हे सगळं एका उत्साही पोराच्या मोबाइलवर चालतं. तो रात्री पाण्याच्या टाकीवर चढून रेंज शोधतो, व्हिडिओ चाळीस टक्क्यांवर अडकतो, आणि दोन-चार महिन्यांत त्याचा उत्साह मावळतो. मग आपण म्हणतो, हल्लीच्या मुलांना चिकाटी नाही. स्वयंसेवी कामं तत्त्वावरून क्वचितच मोडतात. ती मोडतात फॉर्म दुसऱ्यांदा भरावा लागला म्हणून.

तरीही वेगवान तार आली की समाजकार्य आपोआप फुलतं, असं कुणी म्हणालं तर मी मान डोलावणार नाही. तारेनं माणसं घरातसुद्धा बसतात, हे आपण रोज पाहतो. ल्यूनच्या खोऱ्यात क्रम उलटा होता. आधी माणसं एकत्र आली, कोणाचं कुंपण कुठे फोडायचं यावर बोलली, चिखलात उभी राहिली. तार पोचेपर्यंत गावात एक तयार फळी झाली होती. कोणाकडे ट्रॅक्टर आहे, कोण हिशेब चोख ठेवतो, कोणाला सभेत बोलू द्यायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक झालेलं. त्यानंतर कोणतंही काम काढा, अर्धी तयारी झालेलीच. अर्थात तिथे वेळ असलेली आणि जाणकार माणसं होती, हेही खरं. आणि पुढे काम पसरलं, दहा हजारांवर घरं जोडली गेली, तेव्हा बार्ननंही सरकारी अनुदानाचा आधार घेतला. नुसत्या श्रमदानावर एवढं उभं राहत नाही.

सहकार आपल्याला नवा थोडाच आहे? विजेसाठी सहकारी संस्था काढण्याचा प्रयोग नगर जिल्ह्यात झाला होता, मुळा-प्रवरा, 1969 मध्ये. शेतकरी सभासद, गावोगाव तारा. ती थकबाकीत रुतली आणि 2011 मध्ये, म्हणजे तिकडे बार्न जन्मली त्याच वर्षी, तिचं काम महावितरणकडे गेलं. सहकाराचं नाव काढलं की आमचे शहाणे लोक नाक मुरडतात ते अगदीच उगाच नाही. सभासदाला संस्था आपली वाटेनाशी झाली की बिल भरणंही परक्याचं काम होतं.

योगायोग असा, की केंद्र सरकारनं ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली तीही 2011 मध्येच. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. अडीच लाख पंचायतींचं उद्दिष्ट अवाढव्य, आणि एवढं काम गावकीच्या फावड्यांनी होणार नाही, हे मान्यच. पण तार पंचायतीच्या कपाटापर्यंत आली आणि तिथेच थांबली, अशी गावं किती! यंत्र कुलपात, किल्ली ग्रामसेवकाकडे, ग्रामसेवक तालुक्याला मीटिंगमध्ये. 2023 मध्ये केंद्रानं सुधारित भारतनेटसाठी 1,39,579 कोटी रुपये मंजूर केले, आणि पंचायतीपासून घरापर्यंतची जोडणी गावातल्याच उद्योजकांकडे सोपवायचं ठरवलं. हे मला पटतं. बंद पडलेली तार दुरुस्त करणारा माणूस पारावर भेटणारा असेल, तर त्याला गाठता तरी येतं.

तेव्हा ग्रामसभेत हा विषय निघाला तर दोन गोष्टी ठरावात घालून घ्या. शाळा आणि वाचनालयाला पंचायतीपासून वेगळी जोडणी हवी, तिची किल्ली त्यांच्याचकडे. आणि स्पीडचा आकडा सांगितला की विचारायचं, वर चढवताना किती?