सोप्यातल्या गाण्याला भोंगा कशाला?

परवा आमच्या संकेश्वरात एका जुन्या वाड्यात गाण्याची बैठक झाली. रुंद मातीच्या भिंती, सागवानी खांब, श्रोते मोजून साठ. आणि गवयाच्या दोन्ही अंगांना पुरुषभर उंचीची ध्वनिक्षेपकाची खोकी! तंबोऱ्याची जवारी त्यात अशी चिरडली, की मला पिठाच्या गिरणीत बसल्यासारखे वाटले. संयोजकांना विचारले, तर म्हणाले, ‘‘मागच्यांना ऐकू यायला नको?’’ मागचे म्हणजे किती मागचे? वीस हातांवरचे!

युरोपात ज्याला चेंबर म्युझिक म्हणतात, त्यातल्या ‘चेंबर’चा अर्थच मुळी खोली. हायडन १७६१ साली एस्टरहाझी सरदारांच्या पदरी राहिला, तेव्हाचे असले संगीत दिवाणखान्याच्या मापाचे होते. आपली बैठकही त्याच जातीची. शाहूमहाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँ गायले, मिरजेत अब्दुल करीमखाँ राहिले. करीमखाँसाहेबांचा तो नाजूक आवाज खोक्यातून ऐकावा, असे कुणाला वाटेल?

मातीची भिंत, लाकडी तुळया, खालचा जमखाना आणि दाटीने बसलेली माणसे मिळून आवाजाची धार मऊ करतात. उलट देवळाच्या दगडी मंडपात स्वर रेंगाळतो. तिथे विलंबित आलाप शोभतो, द्रुत तानेचे मात्र गाठोडे होते. जाणता गवई हे दोन आवर्तनांत ओळखतो आणि गाणे बेततो. भोंगा लावला, की वाडा काय, देऊळ काय आणि मंगल कार्यालय काय, सगळे एकच. मग वाडा हवा कशाला? छायाचित्रापुरता?

दुसरे दुखणे नाजूक आहे. बैठक मराठी मंडळींची की कन्नड, यावर आमच्याकडे फलकाच्या अक्षरांपासून रुसवे सुरू होतात. शाळा नि सरकारी कागद आपल्या भाषेत मिळावेत म्हणून भांडावेच. मीही भांडलो आहे. पण गाण्यात? कुमार गंधर्व १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत कानडी घरात जन्मले. भीमसेन गदगचे, अभंगही त्यांचे, दासांची पदेही त्यांची. धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांना तालीम मिळाली ती अल्लादियाखाँच्या मुलांची, मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांची. आणि ख्यालाचे बोल बहुधा ब्रज! आता सांगा, फलक कुठल्या लिपीत रंगवू?

असे सोपे तरी कितीसे उरलेत? भावाभावांच्या वाटण्यांत एकेक खण पडतो आहे. हमरस्त्यालगतच्या जागेला भाव आला, की खांब वखारीत जातात. त्याबद्दल कुणी रुसत नाही.

आमचा सोपा अजून उभा आहे. दिवाळीनंतर एका रात्री, बिनभोंग्याची बैठक तिथे करू. शेजारच्या कानडी काकूंनी चहाचे पातेले देऊ केले आहे. जमखाना मी घालतो. तंबोरे मात्र गवयाने आणावेत. आमच्याकडच्याचा भोपळा तडकला आहे.